फळ्यावर शिव्या, साहेबाला शाल

कंपनीचा फळा पुसायचं काम माझ्या गळ्यात कसं पडलं ते आधी सांगते, म्हणजे माझा राग कशावर आहे ते कळेल. मानवतला स्टँडकडून धान्याच्या मोंढ्याकडे जाताना आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. शाळेचं सामान, आणि त्याच्यासोबत चेंडू, बॅडमिंटनची फुलं, कॅरमच्या सोंगट्या असलं काहीबाही. एका वर्षी कॅरमबोर्ड बनवणाऱ्या एका कंपनीनं आमच्या ह्यांना तालुक्याची एजन्सी दिली. कंपनी लांबच्या मोठ्या शहरातली. हे इतके हरखले की घरी येताना पेढे घेऊन आले.

एजन्सीसोबत एक पत्र्याची पाटी आली, ‘अधिकृत कॅरम खेळाडू मंडळ’. आणि एक फळा आला, वरच्या अंगाला पिवळ्या रंगात कंपनीचं नाव. सोबतच्या कागदात लिहिलं होतं की खेळाडूंनी आपल्या शंका, सूचना आणि मतं ह्या फळ्यावर मांडावीत, संयोजकानं ती महिन्याच्या महिन्याला कंपनीला कळवावीत, आणि कंपनीचं उत्तर फळ्यावर लिहावं. फळ्यावर अपशब्द नकोत आणि खेळाबाहेरचा मजकूर नको. संयोजक म्हणून नाव ह्यांचं. पण ह्यांचं अक्षर ह्यांनाच दुसऱ्या दिवशी लागत नसे. मी मॅट्रिक झालेली, अक्षर बरं. मग काय विचारता, लष्कराच्या भाकरी भाजायला मी आयतीच सापडले.

दुकानाच्या बाजूच्या खोलीत दोन बोर्ड मांडले आणि फळा बाहेर ओट्यावर टांगला. संध्याकाळी मोंढ्यातले मुनीम यायचे, बँकेतला एक कारकून यायचा, मुक्कामाची गाडी असली की एक कंडक्टर यायचा, प्राथमिक शाळेतले एक गुरुजी यायचे. बघता बघता खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. खेळणारे चार आणि अक्कल शिकवणारे चाळीस.

आणि फळा. काय सांगू त्या फळ्याचं. कंपनीच्या साहेबलोकांना वाटलं असेल की लोक विचारतील, स्ट्रायकर कसा धरावा, पावडर किती टाकावी. पहिल्याच आठवड्यात मी सकाळी दार उघडून बघते तर लिहिलेलं, ‘बँकवाले राणी खिशात घालून घरी नेतात.’ त्याच्या खाली, ‘कंडक्टरला तिकीट फाडता येते, सोंगटी फोडता येत नाही.’ त्याच्या खाली जे होतं ते मी वाचलं आणि पदर तोंडाला लावून आधी पुसलं. संध्याकाळी सगळे हजर, आणि सगळ्यांचा मलाच सवाल, ‘वहिनी, आमचं कामून पुसलं?’ बँकवाल्याचं पुसलं की तो म्हणायचा कंडक्टरची बाजू घेता. कंडक्टरचं पुसलं की तो म्हणायचा बँकवाल्याची बायको तुमची मैत्रीण. अरे बाबांनो, तिची माझी ओळख फक्त पापड लाटण्यापुरती. पण ऐकतंय कोण?

नियमांची तर वेगळीच तऱ्हा. आमच्याकडे अंगठ्यानं मारलेला स्ट्रायकर धरत नसत. कंपनीनं पाठवलेल्या नियमांच्या पुस्तकात अंगठा चालत होता. मी बापडीनं पुस्तकातला नियम जसाच्या तसा फळ्यावर उतरवला, तर दुसऱ्या दिवशी खाली, ‘कंपनीला कॅरम कळत नाही.’ कंपनीनं कॅरम बनवला आणि कंपनीलाच कळत नाही. मी कपाळावर हात मारला. ह्यांना म्हणाले, ‘अहो, तुमी जरा ह्या लोकांना समजावून सांगा की.’ हे म्हणाले, ‘अगं, आपलीच माणसं हायेत. लिहू दे. तू पूस.’ हे एवढंच त्यांचं संयोजन.

खेळाबाहेरचं लिहू नये म्हटलं तर लोकांना तेच लिहायची हौस. ‘सोनपेठची गाडी वेळेवर सुटेल तो दिवस सोन्याचा.’ ‘काळी शेळी हरवली आहे, एक शिंग मोडके.’ ‘राणीसावरगावच्या पाहुण्यांनी कळवावे, मुलगी पसंत आहे की नाही.’ ही शेळी आणि ही मुलगी कॅरमच्या कोणत्या भोकात बसवायची, मला सांगा. पण पुसलं तर शेळीवाला भांडायला हजर. म्हणाला, ‘वहिनी, तुमच्या फळ्यावर लोक वाचत्यात म्हणून तर लिवलं.’ ती शेळी सापडली, हे मात्र खरं. त्यानं पेरू आणून दिले.

नामांतराची वर्षं होती. विद्यापीठाच्या नावावरून बोलणं निघालं की बसलेली माणसं उठून जायची, आणि आवाज चढला की बाजारपेठेत दुकानांच्या फळ्या धडाधड लागायच्या. तसल्यात एका सकाळी आमच्या फळ्यावर ‘नामांतर झालेच पाहिजे’ आणि खाली ‘होऊ देणार नाही’, आणि त्याच्याही खाली दलित वस्तीचा उद्धार करणारी एक ओळ. मी ओलं फडकं घेतलं आणि वरपासून खालपर्यंत सगळं साफ केलं. वर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘येथे फक्त कॅरमविषयी लिहावे.’ गुरुजी त्याच वस्तीतले. संध्याकाळी ते आले, फळा वाचला आणि मला हळूच म्हणाले, ‘वहिनी, तुमी सगळ्यांचं सारखंच पुसलं. पण सगळ्यांनी सारखं लिहिलं नव्हतं.’ ते आत गेले आणि रोजच्यासारखा डाव मांडला.

कंपनीचं काय विचारू नका. दर महिन्याला मी दोन-दोन पानं भरून लिहायची, कोणाला काय अडचण, कोणता नियम पटत नाही, पावडर ओलसर निघाली. उत्तर दर वेळेला तेच, यंत्रावर छापलेलं, ‘आपल्या मंडळाच्या उत्साहाबद्दल अभिनंदन.’ नुसतं उंटावरून शेळ्या हाकणं. मला वाटायचं, एखाद्या महिन्यात कोरा कागद धाडून बघावा, तरी अभिनंदनच येईल.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग त्या पावसाळ्याच्या आधी कंपनीनं नव्या बोर्डांची खेप पाठवली, आणि आमच्या ह्यांनी दारोदार जाऊन ते बोर्ड विकले. ‘माझी जबान हाय,’ म्हणायचे. ‘खराब निघाला तर मला धरा.’ आमच्या ह्यांच्याजवळ दुसरं होतं काय? ना जमीन, ना वडिलांची पेढी. एक जबान होती, आणि गावात तिला किंमत होती. त्यांनी सांगितलं की वही शंभर पानी आहे, तर कुणी पानं मोजत नसे.

पावसाळा लागला आणि बोर्ड फुगले. तव्यावरची भाकरी मधोमध फुगावी तसे फुगले. स्ट्रायकर सोडला की चढ चढायचा आणि दुसऱ्या अंगाला घसरून भलत्याच भोकात जायचा. खोलीतले दोन्ही बोर्ड तसेच, लोकांच्या घरचेही तसेच. मग फळ्याला ऊत आला. ‘मालकाने फसवले.’ ‘ही जबान की ओली लाकडं?’ ‘बोर्ड परत घ्या नाहीतर पाटी उतरवा.’ मी पुसायची, लोक लिहायचे. मी परत पुसायची, लोक परत लिहायचे. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली. कंपनीनं लाकूड ओलं वापरलं, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी.

हे तेव्हापासून दुकानात पुढं बसेनात. मागं वह्यांच्या गठ्ठ्यांच्या आड स्टूल टाकून बसायला लागले. गिऱ्हाईक आलं की मला पुढं करायचे. रस्त्यानं जाताना मान खाली. एकदा बाजारातून भाजी न घेताच परत आले. म्हणाले, भाजीवाला ओळखीचा होता, त्याच्या पोराला बोर्ड दिलाय. मी रागानं म्हणाले, ‘मग आता जेवायचं काय?’ पण रात्री मला झोप आली नाही. ज्या माणसाला सगळा गाव आधी नमस्कार करायचा, तो माणूस कोथिंबिरीच्या जुडीला घाबरला होता. मला हे बघवत नव्हतं. मी ठरवलं, काही झालं तरी कंपनीकडून हे बोर्ड बदलून घ्यायचे आणि ह्यांना परत पुढच्या गादीवर बसवायचं.

मी कंपनीला खडसावून लिहिलं. ह्या वेळेस छापील कागद आला नाही, टाइप केलेला आला. लिहिलं होतं, इतर ठिकाणाहून तक्रार नाही. आपल्या मंडळाच्या खेळाडूंनी स्वतःच्या सहीनं कळवलं तर विचार करू.

मला वाटलं, जिंकलं. फळ्यावर रोज एवढं लिहिणारी माणसं, त्यांना दोन ओळींचं काय जड? मी प्रत्येकाला कागद दिला. पेन दिला. दोन दिवसांनी कागद गोळा केले आणि वाचायला बसले. बँकवाल्यानं लिहिलेलं, ‘आपल्या कंपनीचे बोर्ड सर्वांगसुंदर असून आमचे गाव आपले ऋणी आहे. मध्यभागी किंचित उंचवटा असला तरी त्याने खेळाची गोडी वाढते.’ कंडक्टरनं लिहिलेलं, ‘साहेबांच्या चरणी सा. न. वि. वि. इकडील सर्व क्षेम.’ बोर्डाचं नावही नाही. एका मुनिमानं कंपनीच्या भरभराटीसाठी देवाकडे प्रार्थना केलेली. सगळे कागद तसलेच.

मी संध्याकाळी खोलीच्या दारात उभी राहिले. म्हणाले, ‘काय हो, हे काय लिहिलंय? बाहेर फळ्यावर आमच्या ह्यांच्या नावानं शिमगा, आणि कागदावर आरत्या?’ बँकवाला म्हणाला, ‘वहिनी, फळा आपला घरचा हाय. साहेबाला असं कसं लिवायचं? बरं दिसतंय का?’ घ्या. म्हणजे शिव्या घरच्याला आणि साखर परक्याला. हे मला तिथंच कळायला पाहिजे होतं. पण मी आशेवर होते. ते कागद चुलीत घातले आणि कंपनीला सरळ लिहिलं की लिहून कुणी सांगणार नाही, तुमीच माणूस पाठवा, लोक तोंडावर सांगतील.

आणि काय आश्चर्य, माणूस येणार असं उत्तर आलं. विक्री विभागाचे साहेब येतील, खेळाडूंना समक्ष विचारतील, तक्रार खरी निघाली तर सगळे बोर्ड बदलून मिळतील.

मंडळात एकदम बळ आलं. कंडक्टर म्हणाला, ‘येऊ द्या, चांगला धुतो.’ गुरुजी म्हणाले, ‘मी बोलतो, तुमी काळजी करू नका.’ ह्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी जरा मोकळा झाला. त्या रात्री भाकरी मागून घेतली.

साहेब मानवत रोड स्टेशनला रेल्वेनं उतरले आणि तिथून बसनं आले. साधा माणूस होता, घामेजलेला, हातात कातडी पिशवी. उतरल्या उतरल्या कंडक्टरनंच त्यांची पिशवी घेतली. ज्यानं धुवायचं तोच पिशवी वाहत होता. दुपारी साहेब आमच्याकडे जेवले. मी धपाटे केले, दही लावलेलं होतं, शेंगदाण्याची चटणी केली. ‘वहिनी, आमच्याकडं असं मिळत नाही,’ म्हणत ते पोटभर जेवले. आमचे हे वाढायला जातीनं उभे.

संध्याकाळी खोलीत पाय ठेवते तर काय? कुणीतरी वर्गणी काढून शाल आणलेली, नारळ आणलेला, फेटा बांधायला माणूस आणलेला. आमच्या भागात साहेब म्हणून कुणी आला की त्याचा सत्कार करायचाच. मग तो जप्तीला आलेला असो. आणि टेबल नव्हतं म्हणून फुगलेल्या बोर्डावर पांढरी चादर घालून त्याचंच टेबल केलेलं. ज्या बोर्डासाठी साहेबाला बोलावलं, त्याच बोर्डावर हार ठेवला होता.

बँकवाल्यानं प्रास्ताविक केलं. ‘कंपनीची कृपादृष्टी’ असं तो तीनदा म्हणाला. नारळ चादरीवर ठेवला तर तो मधल्या फुगवट्यावरून घरंगळत थेट साहेबांच्या मांडीवर गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुनीम म्हणाले, शुभशकुन. मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी, हसावं की रडावं कळेना. गुरुजींनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली.

मग साहेबांनी डोक्यावरचा फेटा सावरत विचारलं, ‘बोर्डांबद्दल काही तक्रार आहे म्हणे. मोकळेपणानं सांगा.’

बँकवाला म्हणाला, ‘छे छे, तक्रार कसली.’ कंडक्टर म्हणाला, ‘एकदम मख्खन.’ साहेबांनी गुरुजींकडे बघितलं. गुरुजी उठले, घसा साफ केला, आणि म्हणाले, ‘माल मालकांनी विकलाय. त्यांनीच सांगावं. ते सांगतील त्याला मी दुजोरा देतो.’ त्यांचंही बरोबर होतं. घरधनी गप्प असताना पाहुण्यानं का वाईट व्हावं?

सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. हे हात जोडून उभे. मला राहवलं नाही. मी ट्रे खाली ठेवला आणि म्हणाले, ‘साहेब, मी सांगते. सगळे बोर्ड फुगलेत. तुमचा नारळ आत्ता पळाला तो कशामुळं? ती चादर उचलून बघा.’

साहेब चादरीकडे बघत राहिले, मग ह्यांच्याकडे वळले. ‘काय हो मालक? वहिनी म्हणतात ते खरं आहे का?’

हे दोन पावलं पुढं आले. मला वाटलं, आता चादर काढतात. त्यांनी चादरीच्या कोपऱ्यावर हात ठेवला, आणि तो तसाच दाबून धरला. म्हणाले, ‘न्हाई साहेब. लय चांगला माल हाय. पावसाळ्यात लाकडाचं थोडंफार चालायचंच. बाईमाणूस हाय, मनाला लावून घेती. तुमी मनावर घेऊ नका.’

साहेबांनी डायरीत काहीतरी लिहिलं. चहा झाला. गुरुजींनी दुजोरा दिला नाही आणि नकारही दिला नाही, कप तसाच ठेवून निघून गेले. बाकीचे सगळे साहेबांना पोचवायला स्टँडवर गेले, शाल घडी करून त्यांच्या पिशवीत घालून दिली. मी खोलीत एकटी उभी होते. अंगाचा नुसता जाळ झाला होता. सगळ्या गावादेखत मला खोटी पाडली होती, आणि ती पण ज्याच्यासाठी मी एवढं केलं त्यानंच.

दुसऱ्या दिवशी मी फळा बघायला गेले. वाटलं, आता तर ह्यांचं नाव घेऊन काय काय लिहिलं असेल. फळा कोरा होता. त्याच्या दुसऱ्या दिवशीही कोरा. आठवडा झाला, एक अक्षर नाही. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. सगळ्यांनी चारचौघांत, साहेबासमोर, माल चांगला म्हणून सांगितलं होतं. आता कोणत्या तोंडानं वाईट म्हणणार? ज्याच्या घरी बोर्ड फुगला होता त्यानं त्याच्यावर विटा ठेवल्या, कुणी काचपेपरनं घासून घेतला, आणि खेळ चालू. बोर्ड परत घ्या म्हणून एकही माणूस आला नाही. उलट मोंढ्यात बोलणं उठलं, काय माणूस हाय, घरात आलेल्या पाहुण्याला खाली बघू दिलं न्हाई. भाजीवाल्यानं ह्यांना हाक मारून कोथिंबीर दिली. आणि बायकांमध्ये माझी चर्चा, म्हणे साहेबासमोर हिनं तमाशा केला.

हे परत पुढच्या गादीवर बसायला लागले. मला हेच तर पाहिजे होतं. मी मागून त्यांची पाठ बघायची, ताठ झालेली, आणि मला आनंदही व्हायचा आणि त्या पाठीत धपाटा घालावा असंही वाटायचं.

महिना संपला तेव्हा त्यांनी हाक मारली. ‘अगं, कंपनीला कागद धाडायचाय. लिहितीस का? आणि फळ्यावर पण काहीतरी लिही, लय दिवस कोरा हाय.’

मी म्हणाले, ‘त्या दिवशी तुमी मला खोटी कामून पाडली?’

ते गिऱ्हाइकाच्या वह्या बांधत होते. सुतळीची गाठ मारून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना खरंच नवल वाटलं होतं की मी असं विचारते. ‘अगं, तो परका माणूस. आपल्याकडं जेवलेला. त्याला खोटं कसं पाडायचं?’ ते म्हणाले. ‘तू काय, घरचीच हायस की.’

मी खडूचा डबा त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि आत गेले.